बॅटरी नवी, स्कॅनरवर पंधरा एरर, तरी गाडी मुकी : स्पोर्ट्स कारमधला इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधतात कसा?

रविवारची पहाट. ताम्हिणीला जायचं ठरलंय. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये दोन आठवडे कव्हरखाली उभी असलेली स्पोर्ट्स कार काढायला जावं, तर सेल्फ नुसता टकटक करतो. डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, स्टेअरिंग, सगळे दिवे एकदम पेटतात. जंप स्टार्ट दिला की गाडी चालू होते, दिवे विझतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पंधरा एरर निघतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘मॉड्यूल गेलंय.’ इम्पोर्टेड गाडीचं मॉड्यूल म्हणजे खर्च लाखांत जाऊ शकतो. वर ते यायची वाट बघा, आल्यावर गाडीशी कोडिंग करून जोडा. आणि एवढं करूनही फॉल्ट तिथंच राहू शकतो, कारण मुळात गंजलेला असतो एक बोल्ट.

असं का होतं, ते बघू.

स्कॅनर पार्ट खराब आहे असं सांगत नाही. कोणत्या कॉम्प्युटरला काय विचित्र दिसलं, तेवढंच तो वाचून दाखवतो. ‘यू0100’ या कोडचा अर्थ इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं एवढाच. ते कॉम्प्युटर मेल्यामुळे तुटलं, वायर कापल्यामुळे की सेल्फ मारताना व्होल्टेज पडल्यामुळे, हे त्यात लिहिलेलं नसतं. सेल्फच्या वेळी व्होल्टेज फारच खाली गेलं तर अनेक मॉड्यूल क्षणभर बंद पडतात आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार करतो. पंधरा एररमागे कारण एकच असू शकतं. म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन आधी सगळे कोड लिहून ठेवतो, मग पुसतो आणि पुन्हा कोणता पहिला येतो ते बघतो.

त्यानंतर मल्टिमीटर. बंद, विसावलेल्या गाडीच्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली. 12.2 च्या आसपास म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना सहसा 13.8 ते 14.5. (नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो, तिथं हा आकडा वरखाली होतो.) हे ठीक असेल तर गाडी जाते अर्थिंगकडे आणि खरी गंमत इथंच आहे.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट काम करून मायनसकडे परत यावा लागतो. बहुतेक गाड्यांत हा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा सांगाडाच. ठिकठिकाणी बोल्टने अर्थच्या वायरी कसलेल्या असतात. त्या बोल्टखाली गंज किंवा रंग आला की रस्ता अरुंद होतो. सेल्फ साधारण 200 अँपिअर ओढतो असं धरा. अर्थच्या जोडात फक्त 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 200 गुणिले 0.01, म्हणजे 2 व्होल्ट तिथंच खलास. पण साध्या मीटरची बीप लावून तीच वायर तपासली तर मीटर खुशाल वाजतो, कारण त्याला 0.01 ओहम दिसतच नाही. वायर ‘चांगली’ ठरते आणि संशय कॉम्प्युटरवर जातो.

म्हणून तपासायची पद्धत वेगळी. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर सहसा ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्याआधी मॉड्यूल मागवणं म्हणजे ताप न मोजता ऑपरेशन करणं.

स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रकार जास्त छळतो. वजन विभागण्यासाठी काही गाड्यांत बॅटरी इंजिनापासून लांब असते. पोर्शे 911 मध्ये इंजिन मागे, बॅटरी पुढच्या डिकीत. केबल लांब, जोड जास्त. ऑडी आर8 सारख्या गाडीचा सांगाडा बराचसा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर पोलादी बोल्ट आणि ओलावा आला की दोन धातूंच्या जोडात गंज लवकर धरतो. लोटस आणि कॉर्व्हेटची बॉडी फायबरची. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे दिव्यांना परतीची वायर वेगळी द्यावी लागते. ती सैल झाली की करंट भलत्याच दिव्यातून वाट काढतो. ब्रेक दाबला आणि इंडिकेटर मिणमिणला, तर समजा अर्थ गेली.

आता आपली पहिली तक्रार : उभ्या गाडीची बॅटरी उतरते. बंद गाडीसुद्धा अलार्म आणि लॉकसाठी थोडा करंट खाते. 50 मिलिअँपिअरपर्यंत सहसा चालतं. त्या हिशोबाने 60 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला 25 दिवस लागतात. पण एखादं मॉड्यूल झोपलंच नाही आणि 500 मिलिअँपिअर खात राहिलं, तर अडीच दिवसांत तीच अवस्था. मोजताना गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं आणि कीलेस चावी लांब ठेवावी लागते, नाहीतर गाडी जागीच राहते. घाईघाईने एकेक फ्यूज उपटायचा नाही. परत बसवताना मॉड्यूल जागं होतं आणि पुरावा पुसला जातो. त्याऐवजी फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजतात. जिथं आकडा दिसतो, त्या सर्किटमधून करंट चाललाय. बऱ्याचदा तिथं नंतर बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा अँप निघतो.

पुण्यात आणखी दोन संशयित. एक, पावसाळा. काचेखालच्या जाळीत झाडाची पानं साचतात, पाण्याच्या नळ्या तुंबतात आणि पाणी आत उतरतं. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत (986) इमोबिलायझरचं मॉड्यूल सीटखाली आहे. छताच्या नळ्या तुंबल्या की ते भिजतं आणि गाडी चावीच ओळखत नाही. त्यामुळे कार्पेट वर करून हात लावून बघणं ही पण एक टेस्टच. दोन, बेसमेंटमधले उंदीर. नुसतं कव्हर उघडून त्यांनी कुरतडलेली वायर दिसत नाही, हार्नेस हलवत हलवत मीटरवर लक्ष ठेवावं लागतं.

कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती कॅन लाइनही मोजता येते. बॉशने 1986 मध्ये मांडलेली ही पद्धत म्हणजे एकमेकींना पिळलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना 120 ओहम. बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या पिन 6 आणि 14 मध्ये साधारण 60 ओहम यायला हवेत. (काही गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथं आतली लाइन वेगळी मोजावी लागते.) 120 आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठंतरी चिकटल्यात. मग एकेक कपलर काढत जायचं, कोणता काढल्यावर आकडा सुधारतो ते बघायचं.

हे करायला वायरिंग डायग्राम लागतो. जास्त खपाच्या गाडीचा तो मिळतो. मोजक्या संख्येत बनलेल्या गाडीचा मिळवतानाच घाम निघतो. 2012 च्या ऑटो एक्स्पोत आलेल्या डीसी अवंतीसारख्या गाडीत इंजिन रेनॉचं, बॉडी डीसीची. अशा वेळी कोणती वायर कुणाच्या आराखड्यातली, इथून सुरुवात.

आणि हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. फेरारी एफ355 मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापला की ‘स्लो डाउन’ असा दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत तो कन्व्हर्टर थंड असतानाही लागायचा. तापमान वाचणारे छोटे डबे दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. जाणकार मेकॅनिक नवा डबा मागवण्याआधी दोघांची अदलाबदल करतात. तक्रार डब्यासोबत दुसऱ्या बाजूला गेली तर डबा खराब. जागेवरच राहिली तर सेन्सर किंवा वायर. खर्च शून्य.

गॅरेजला गाडी देताना ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगू नका. गाडी गरम होती की थंड, पाऊस होता का, किती दिवस उभी होती, कोणता दिवा आधी लागला, हे लिहून द्या. दिवा लागताच मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण गॅरेजमध्ये तो हमखास लागत नाही. मॉड्यूल बदलायचं म्हणाले तर विचारा : त्याला मिळणारं व्होल्टेज आणि अर्थ मोजलं का, आकडा काय आला? गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर घरी नारिंगी केबलला हात लावायचा नाही. पोर्शे टायकनमध्ये तिथं 800 व्होल्टची सिस्टिम आहे. पिवळे कपलरही सोडून द्या, ते सहसा एअरबॅगचे असतात.