ओस्मानी सार्वजनिक कर्ज प्रशासन

ओस्मानी सार्वजनिक कर्ज प्रशासन ही ओस्मानी साम्राज्याच्या परकीय कर्जाच्या वसुलीसाठी इ.स. १८८१ मध्ये स्थापन झालेली संस्था होती. साम्राज्याने क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ मध्ये, पहिले परकीय कर्ज घेतले. पुढे जुने देणे भागवण्यासाठी नवे कर्ज काढावे लागले आणि १८७५ मध्ये व्याजही पूर्ण देता येईना. संस्थेच्या मंडळावर युरोपीय धनकोंच्या प्रतिनिधींचे बहुमत होते. मीठ, मद्य, मुद्रांक, मासेमारी व रेशीम यांवरील महसूल थेट त्यांच्याकडे जाई. इजिप्तमध्ये कर्जापाठोपाठ १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा आल्या. इस्तंबूलमध्ये त्याची गरजही पडली नाही. १९२२ मध्ये सल्तनत संपली, तरी आपल्या वाट्याच्या कर्जाचा शेवटचा हप्ता तुर्कस्तानने १९५४ मध्ये फेडला.