खिडकीचे माप

नौपाड्यातील आमच्या घराच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेकडे आहेत. मार्च लागला की दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. म्हणून काचांना ऊन अडविणारी फिल्म लावावी असे ठरले. राम मारुती रोडच्या बाजूचे दोन कारागीर वेगवेगळ्या दिवशी येऊन मापे घेऊन गेले. तावदाने एकूण आठ, सर्व सारखी. पहिल्याने अंदाजपत्रकात क्षेत्रफळ लिहिले साडेसदुसष्ट चौरस फूट. दुसऱ्याने लिहिले ८० चौरस फूट. मी स्वतः टेप घेऊन मोजले, तर उत्तर आले जेमतेम ६३!

आयुष्यभर प्रयोगशाळेत मोजमाप करण्यात गेलेले. साहजिकच मनात पहिला विचार आला तो फसवणुकीचा. तो किती उतावळा होता, हे पुढे कळले.

आकडे असे आहेत. प्रत्येक तावदान साडेपंचवीस इंच रुंद आणि ४४ इंच ३ सूत उंच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराकडे, काचवाल्याकडे हाच शब्द चालतो.) गुणाकार करून १४४ ने भागले की एका तावदानाचे ७.८६ चौरस फूट होतात. पहिल्या कारागिराने दोन्ही मापे ३ इंचांच्या पुढच्या पटीत नेली होती : २७ × ४५. दुसऱ्याने ६ इंचांच्या पटीत : ३० × ४८, म्हणजे नेमके १० चौरस फूट. काचेच्या धंद्यात माप असे वर चढविण्याची पद्धत जुनी आहे. टेप तिघांचीही बरोबर होती. फरक पडला तो माप कोठे थांबवायचे याच्या रीतीत.

खिडकीवर पैसे आकारण्याच्या रीती इतिहासात अनेक झाल्या, आणि प्रत्येक रीतीने माणसांना वेगळे वागायला लावले. इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर कर बसला. उत्पन्न विचारणे लोकांना रुचत नव्हते, खिडक्या मात्र रस्त्यावरून मोजता येत. म्हणून कर बसला तो संख्येवर. परिणाम व्हायचा तोच झाला. लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या, नवी घरे कमी खिडक्यांची बांधली. उजेड आणि हवा गमावली ती मुख्यतः भाड्याच्या घरांतील गरिबांनी. हा कर १८५१ साली रद्द झाला. त्याच देशात अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८४५ पर्यंत काचेवरही कर होता, आणि तो वजनावर होता. साहजिकच काच पातळ होत गेली. मोजायची गोष्ट बदलली की माणसाची हुशारी त्या दिशेने धावते.

खिडकीकर गेला त्याच वर्षी, १८५१ मध्ये, लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्यात सुमारे ३ लाख तावदाने होती, आणि छपराची तावदाने ४९ इंच × १० इंच अशा एकाच मापाची. कारखाना केवढी काच सोयीने देऊ शकतो हे आधी पाहून छपराचे पन्हळ आणि खांबांमधील अंतर त्याला जुळवून घेतले होते. आपण खिडकी बनवून मग काच कापतो. पॅक्स्टनने काच पाहून इमारत आखली. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आपल्याकडेही मापाची रीत ठरविणे ही राज्यकर्त्यांची मोठी काळजी होती. सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीचे कोष्टक आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची. पण एकाचा हात लांब, दुसऱ्याचा आखूड. म्हणून हात १४ तसूंचा असे बांधून दिले, आणि काठी एकंदर ८२ तसूंची ठरली. अशा २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर. मोजणाऱ्याच्या अंगावरचे माप काढून ते काठीवर आणणे, हा त्यातला खरा बदल. शेतसारा त्या काठीवर अवलंबून होता.

पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी आली. तिचे १६ भाग, त्यांना ‘आणे’ म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. अशा रीतीने फूट आपल्या बोलण्यात पक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत लागू होत गेली. शेर आणि मण बाजारातून गेले. सातबारावर हेक्टर-आर आले. घराच्या करारातही चौरस मीटर असतात. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार तर भावसुद्धा मेट्रिक मापात सांगायला हवा.

तरी खिडकी फुटातच का राहिली? याचे उत्तर सवयीपेक्षा मालात अधिक आहे. प्लायवूडचा तक्ता ८ × ४ फुटांचा. माझ्याकडे आलेल्या फिल्मच्या गुंडाळीची रुंदी ६० इंच. ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा, काहींत धातूचा अतिसूक्ष्म थर. अमेरिकेत १९६० च्या दशकात ती विकसित झाली, आणि गुंडाळीची रुंदी तेथूनच इंचांत आली. पेट्यांवर आता १५२ सेंटिमीटर छापतात, पण ते ६० इंचांचेच भाषांतर. नौपाड्यातील कौलारू घरांना लाकडी झडपा आणि गज असत, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या घरांच्या जागी इमारती आल्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी भिंतीचा मोठा भाग काचेचा केला, आणि ऊन मोजून विकत अडवायची वेळ आली.

दुसऱ्या कारागिराला मी माझे ६३ दाखविले. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही काच मोजलीत. मला गुंडाळी कापायची आहे.”

मग आम्ही कागदावर आखून पाहिले. कडेने छाटण्यासाठी प्रत्येक तुकडा इंचभर मोठा धरावा लागतो. म्हणजे साडेसव्वीस × ४५ इंच ३ सूत. ६० इंच रुंदीत असे दोनच तुकडे बसतात आणि कडेला ७ इंचांची पट्टी उरते. आठ तुकड्यांसाठी चार ओळी, म्हणजे लांबी सुमारे १५ फूट दीड इंच. त्याला ५ फुटांनी गुणले की साडेपंच्याहत्तर चौरस फूट होतात. खरोखर खर्च होणारा माल हा. माझे ६३ अचूक होते, पण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर होते. पहिल्याचे साडेसदुसष्ट मालापेक्षा कमी होते. त्याची भरपाई त्याने दर चढा लावून केली होती. दोघांची एकूण रक्कम जवळजवळ सारखीच निघाली! चौरस फुटाचा नुसता दर किंवा नुसते क्षेत्रफळ पाहणाऱ्याला हे दिसले नसते.

शेवटी ७६ चौरस फुटांवर तडजोड झाली आणि उरलेली पट्टी माझी ठरली. ती न्हाणीघराच्या अरुंद तावदानांना उपयोगी पडली.

क्षेत्रफळाचा धडा आपण लांबी गुणिले रुंदी येथे संपवितो. पण बाजारात तो तेथून सुरू होतो, आणि जो तेथेच थांबतो तो एक तर जास्त पैसे देतो, नाही तर माझ्यासारखा प्रामाणिक माणसावर संशय घेतो. सातवी-आठवीच्या वर्गात हे सहज करून घेता येईल. मुलांच्या गटांना वर्गाच्या खिडक्या मोजायला द्या. क्षेत्रफळ तीन रीतींनी काढायला सांगा : जसेच्या तसे, ३ इंचांच्या पटीत आणि ६ इंचांच्या पटीत. मग आलेखाच्या कागदावर ६० घरे रुंदीची पट्टी आखून तावदानांचे कागदी तुकडे तिच्यावर मांडू द्या. उभे, आडवे, मिसळून. कोणत्या मांडणीत सर्वांत कमी वाया जाते? कोणत्या मापाच्या खिडकीला कोणती रीत महाग पडते? वर्गातल्या दोन गटांची उत्तरे वेगळी आली, तर चूक शोधण्यापूर्वी एवढेच विचारा : तुम्ही नेमके काय मोजले?