केवडा पडलेली भेंडी आणि पानातली राखण

श्रावणात गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या वाड्यांमध्ये भेंडी कंबरेला लागते. कुपाकडेला मिरची, चार झाडे भेदऱ्यांची (टोमॅटोला इकडे भेदरेच म्हणतात), मांडवावर दोडका आणि मधल्या उघड्या जागेत भेंडीच्या दोन ओळी. एखाद्या सकाळी शेंड्याकडच्या पानाची एक शीर पिवळी दिसते. काही दिवसांत शिरांचे सगळे जाळे हळदीने रेखल्यासारखे होते आणि शिरांच्या मध्ये हिरवी ठिगळे तेवढी उरतात. मग तीही फिकटतात. नव्या भेंड्या पिवळट, आखूड आणि निबर येतात. सुरीखाली करकरतात आणि भाजीत शिजत नाहीत. मराठी शेतकरी या रोगाला केवडा म्हणतो. नाव सुगंधी असले तरी ते ज्याच्या वाडीत येते त्याची हंगामाची भाजी जाते.

या रोगाची पहिली लेखी नोंद मुंबई इलाख्यातलीच आहे. पिकांवरच्या मोझॅक रोगांबद्दल लिहिताना जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली भेंडीच्या या पिवळेपणाची दखल घेतली. उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० मध्ये त्याचे ‘यलो व्हेन मोझॅक’ असे नामकरण केले. पुढे कपूर आणि वर्मा यांनी १९५० मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास छापला आणि हा रोग झाडाझाडांवर पसरवणारी पांढरी माशी आहे हे पक्के झाले. पान हलवले की पिठासारखी उडणारी, तांदळाच्या दाण्याहून कितीतरी लहान अशी ही माशी. विषाणूला चालता येत नाही, म्हणून तो हिच्या सोंडेतून प्रवास करतो.

नुकसान किती, हे १९७४ साली शास्त्री आणि सिंग यांनी मोजले. झाड ३५ दिवसांचे असताना रोग आला तर सुमारे ९४ टक्के उत्पन्न जाते, ५० दिवसांचे असताना आला तर ८४ टक्के आणि ६५ दिवसांनी आला तर निम्मे. म्हणजे झाडाला लहानपणीचे काही आठवडे निभावता आले, तर घरच्यांच्या ताटात काही पडते.

पिवळ्या शिरांची हकीकत भेंडीवरच्या या नोंदींहून फार जुनी आहे. इ.स. ७५२ मध्ये जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका रोपट्यावर कविता केली. ती ‘मान्योशू’ या संग्रहात आहे. ते रोपटे आपल्याकडच्या रानमोडीच्या नात्यातले. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याच जातीच्या पिवळ्या पानांतून विषाणू शोधून काढला आणि तो निघाला भेंडीच्या केवड्याच्याच कुळातला. वनस्पतींच्या विषाणुरोगाची ही जगातली सर्वात जुनी नोंद मानली जाते. त्याच वर्षी मदुराईच्या संशोधकांनी भेंडीचा केवडा एकट्या विषाणूचा नसून त्याच्यासोबत एक छोटा जोडीदार, उपग्रह डीएनए, असतो हे दाखवून दिले.

या कुळाला जेमिनीव्हायरस म्हणतात, म्हणजे जुळे विषाणू. कण दोन-दोन चिकटून असतात म्हणून. १९७७ साली कळले की यांचा वंशलेख डीएनएच्या एकेरी कड्याचा असतो. वनस्पतींच्या बहुतेक विषाणूंकडे आरएनए असते, त्यामुळे ही मंडळी वेगळी. भेंडीच्या विषाणूचे कडे जेमतेम २,७०० अक्षरांचे. स्वतःची नक्कल करण्याची यंत्रे त्याच्याकडे नाहीत. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो, तिथे आपले कडे दुहेरी करून घेतो आणि झाडाच्याच प्रथिनांवर गुंडाळला जातो. झाडाच्या गुणसूत्रांमध्ये जणू आणखी एक चिमुकले गुणसूत्र येऊन बसते.

आणि नेमके इथेच झाडाला त्याच्यावर हात टाकता येतो.

केंद्रकात झाड स्वतःच्याच काही जनुकांना गप्प ठेवत असते. डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर ते मेथिल नावाचा लहानसा रासायनिक गट डकवते. अक्षर पुसले जात नाही, बदलतही नाही. त्यावर फक्त ‘वाचू नये’ असा शिक्का बसतो. अशा खुणांना एपिजेनेटिक म्हणतात, म्हणजे जनुकाच्या मजकुरावर वरून केलेल्या. शिक्का कुठे मारायचा हे झाडाला कसे कळते, याचा धागा १९९४ साली जर्मनीत तंबाखूच्या रोपांवर सापडला: आरएनएच डीएनएवरच्या मेथिलला वाट दाखवते. विषाणूच्या आरएनएचे झाडाच्या कात्र्या बारीक तुकडे करतात. त्यांतले २४ अक्षरांचे तुकडे पत्त्यासारखे वापरले जातात आणि ज्या डीएनएशी पत्ता जुळेल तिथे शिक्का पडतो. विषाणूचे कडे जागच्या जागी असते, पण त्याचे कामकाज थांबते.

ही राखण खरोखर कामाची आहे का, याची परीक्षा अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात डेव्हिड बिसारो यांच्या चमूने घेतली. २००८ साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात, मेथिलचा शिक्का मारण्यात अधू असलेली अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीची रोपे जेमिनीव्हायरसपुढे फार लवकर हार खाताना दिसली. काही रोपे आजारातून सावरतात, त्यांची वरची नवी पाने स्वच्छ येतात. ही यंत्रणा बिघडलेल्या रोपांना तसे सावरता आले नाही. पुढच्याच वर्षी मिरचीवर काम करणाऱ्यांना असे दिसले की सावरलेल्या पानांत विषाणू असतो, पण त्याच्या डीएनएवर शिक्के जास्त असतात. असे सावरणे जुन्या निरीक्षकांनीही पाहिले होते. १९२८ मध्ये विन्गार्ड यांनी अमेरिकेत तंबाखूच्या खालच्या पानांवर रोगाची कडी आणि वरची पाने निरोगी अशी झाडे नोंदवली होती. तो विषाणू आरएनएचा होता, पण झाडाला आठवण राहते ही शंका तिथूनच सुरू झाली.

विषाणूही गप्प बसत नाही. त्याचे एक प्रथिन आणि उपग्रह डीएनएचे बीटासी-वन हे प्रथिन, दोघेही मेथिल पुरवणाऱ्या साखळीत अडथळा आणतात. शाईच आटवली तर शिक्का कशाने मारणार? केवड्याला छोटा जोडीदार का लागतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

शेताच्या बाजूने मात्र हे युद्ध माणसांनी डोळ्यांनीच लढवले. दिल्लीच्या ‘पुसा सावनी’ भेंडीने १९५०च्या दशकाअखेर मोठा आधार दिला, पण काही वर्षांतच ती केवड्याला बळी पडू लागली. मग परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर तिच्या रानटी नातलगाशी, मॅनिहॉट जातीशी, घडवला. पिढ्यान्‌पिढ्या पिवळी झाडे उपटली, हिरवी ठेवली आणि त्यातून ‘परभणी क्रांती’ ही जात उभी राहिली. १९८६ मध्ये तिची माहिती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली गेली. कृषी केंद्रांत हे नाव शेतकरी आजही उच्चारतात. नजरेने निवड करण्याची ही परंपरा पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीला परकी नाही: १९८३ साली नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी धानाच्या शेतात तीन वेगळी कणसे हेरली आणि त्यांतूनच पुढे एचएमटी तांदूळ आला.

रानटी नातलग काय देतात, हे टोमॅटोने स्पष्ट केले. दक्षिण अमेरिकेतल्या सोलॅनम चिलेन्स या रानटी टोमॅटोतून टीवाय-वन नावाचे जनुक लागवडीच्या वाणांत आणले गेले होते. संकर करणाऱ्यांना एवढेच माहीत होते की याच्यामुळे याच कुळातल्या विषाणूने पाने मुरडत नाहीत. २०१३-१४ मध्ये कळले की हे जनुक विषाणूच्या डीएनएवर मेथिलचे शिक्के वाढवते. वापर आधी सुरू झाला, कारण नंतर समजले.

भेंडीच्या अशा नातलगांचे नमुने अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या केंद्रात जपले जातात. काही मात्र अजून रानाच्या कडेला आपापले उगवतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू आणि तेंदूपानामुळे त्या हक्काची चर्चा झाली. पण झाडीच्या कडेला पावसात उगवणारी, पिवळ्या फुलांची, लवदार देठांची रानभेंडीही हिशेबात धरायला हवी. वाडीतली भेंडी पुन्हा हरली, तर तिला हात द्यायला तीच येणार आहे.