रक्तप्रवाहयामिकी

रक्तप्रवाहयामिकी : रक्ताचा दाब, वेग व श्यानता (वाहण्याला द्रवाचा होणारा अंतर्गत विरोध) आणि रक्तवाहिन्यांचा आकार यांचे परस्परसंबंध द्रायुयामिकीच्या नियमांनी स्पष्ट करणारी शाखा. द्रव व वायू यांना मिळून द्रायू म्हणतात. श्वसन, मूत्रवहन, सांध्यांतील वंगण यांनाही हेच नियम लागू पडतात. मात्र शरीरातील प्रवाहांपैकी सर्वांत कसून अभ्यास रक्ताचा झाला आहे.

इतिहास : रक्त शरीरात चक्राकार फिरते, हे विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये मांडले. दाबाचे पहिले मापन इंग्लिश धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांचे. त्यांनी आडव्या पाडून बांधलेल्या घोडीच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच चढले आणि प्रत्येक ठोक्यासरशी काही इंच खालीवर होत राहिले. हा वृत्तांत 1733 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच वैद्य झां लेओनार मारी प्वाझय यांनी 1828 मध्ये या उंच नळीऐवजी पाऱ्याचा दाबमापक वापरला. रक्तदाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात.

त्रिज्येचा नियम : प्वाझय यांनी पुढे केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून प्रवाह मोजला. जर्मन अभियंते गॉटहिल्फ हागेन यांनी 1839 मध्ये स्वतंत्रपणे तसेच प्रयोग केले. दाबातील फरक, नळीची लांबी व श्यानता तीच असेल, तर प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. ती 20 टक्क्यांनी वाढली तर प्रवाह दुपटीच्या थोडा वर जातो. शरीर याच नियमावर चालते. रोहिणिकांच्या (सूक्ष्म रोहिण्यांच्या) भित्तीतील स्नायू किंचित आवळून वा सैल सोडून कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचे ते ठरते. अ‍ॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधेही हेच स्नायू सैल करतात.

मात्र हा नियम ताठ, सरळ नळीतील संथ प्रवाहासाठी आहे. महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रोहिणी) लवचिक असून तिच्यातील प्रवाह ठोक्याठोक्याने येतो. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी ती फुगते आणि प्रसरणाच्या वेळी साठलेले रक्त पुढे ढकलते. ओटो फ्रांक यांनी 1899 मध्ये याचे गणित मांडले. वयोमानाने तिची भित्ती ताठर झाली की वरचा (आकुंचनाच्या वेळचा) दाब वाढतो.

वेग व क्षेत्रफळ : विश्रांतीच्या वेळी प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. महारोहिणीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 20 सेंमी. असतो. केशवाहिन्या एकेकट्या अतिसूक्ष्म असल्या, तरी त्यांचे एकूण छेदक्षेत्रफळ महारोहिणीच्या कितीतरी पट असते. त्यामुळे तेथे वेग सेकंदाला 1 मिमी.च्याही खाली उतरतो आणि ऑक्सिजनाच्या देवाणघेवाणीला अवधी मिळतो.

संक्षुब्ध प्रवाह : निरोगी वाहिन्यांत रक्त बहुतांशी थरांथरांनी, आवाज न करता वाहते. निकोलाय कोरोटकोव्ह यांनी 1905 मध्ये सांगितलेली रक्तदाबमापनाची पद्धत हा क्रम बिघडवण्यावर बेतलेली आहे. दंडावरील पट्टा पुरता फुगवला की रोहिणी दबते व स्टेथोस्कोपमध्ये काही ऐकू येत नाही. हवा सोडताना अर्धवट उघडलेल्या रोहिणीतून रक्त जोराने उसळते, तेव्हा ठोके सुरू होतात. तो वरचा दाब. रोहिणी पूर्ण मोकळी झाली की ठोके थांबतात; तो खालचा दाब.

रक्ताचे वेगळेपण : रक्त पाण्याच्या सुमारे तीन ते चार पट श्यान असते, पण ही श्यानता स्थिर नसते. प्रवाह मंदावला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून चळती करतात व श्यानता वाढते. सुमारे 0.3 मिमी.पेक्षा बारीक नळ्यांत ती उलट घटते, असे फाहरेउस व लिंडक्विस्ट या संशोधकांनी 1931 मध्ये दाखवले. अशा नळ्यांत पेशी मध्यभागी सरकतात आणि भित्तीलगत रक्तद्रवाचा निसरडा थर उरतो.

गुरुत्वाकर्षण : निश्चल उभ्या माणसाच्या पावलांतील नीलांमध्ये दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिमी.पर्यंत चढतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, नीलांतील झडपा ते मागे येऊ देत नाहीत आणि दाब बराच उतरतो. झडपा निकामी झाल्यास नीला फुगून वेड्यावाकड्या होतात. रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंमी. खाली असेल, तर आकडा सुमारे 8 मिमी. जास्त येतो.

उपयोग : हृदयाची झडप अरुंद झाली की तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो. डॉप्लर तपासणीत हा वेग मोजतात. त्याच्या वर्गाची चौपट म्हणजे झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक, असे दाब व वेग यांची सांगड घालणाऱ्या बेर्नुली यांच्या सूत्राचे सोपे रूप आहे. सेकंदाला 4 मीटर वेग म्हणजे पाऱ्याच्या 64 मिमी.चा फरक; महारोहिणीची झडप एवढी अरुंद असणे गंभीर मानतात. कृत्रिम झडपेची रचना करताना रक्त साचून गुठळी होऊ नये आणि जोराच्या घर्षणाने पेशी फुटू नयेत, हे दोन्ही सांभाळावे लागते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली भारतीय बनावटीची झडप 1990 मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली.