आमच्या गेममधली अशक्य वळणं

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या एका खोलीत आम्ही तिघांनी आठ महिने राबून प्रथिनांचा गेम केला. अमिनो आम्लांची साखळी वळवत तिची घडी घालायची. घडी जमली की पुढची पातळी. बारा पातळ्या झाल्यावर ओळखीतल्या, बेळगावकडच्या एका एमएस्सीच्या मुलीला खेळायला बसवलं. तिसऱ्या पातळीवर ती थांबली. "दादा, इथे साखळी वळूच शकत नाही. अणू एकमेकांत घुसतायत. रामचंद्रन आलेख नाही पाहिलात?"

नव्हता पाहिला. आणि त्या रामचंद्रन यांनी १९७१ साली उभा केलेला विभाग आमच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, भारतीय विज्ञान संस्थेत!

मग मी वाचत सुटलो. गंमत म्हणजे, आम्ही जे ऐकलं तेच जी. एन. रामचंद्रन यांनाही ऐकावं लागलं होतं. मद्रास विद्यापीठात असताना, १९५५ साली, गोपीनाथ कर्था यांच्यासोबत त्यांनी कोलॅजनची रचना मांडली. हे आपल्या कातडीतलं, हाडांतलं प्रथिन. तीन साखळ्यांची तिपेडी वेणीच म्हणा. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला: या मांडणीत काही अणू फारच जवळ आलेत. क्रिक म्हणजे डीएनएवाले तेच, त्यामुळे हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती.

रामचंद्रन यांनी प्रश्नच धरून ठेवला. फार जवळ म्हणजे किती जवळ? तोवर माहीत असलेल्या स्फटिकांमधली अंतरं पाहून कुठले अणू किती जवळ येऊ शकतात याचा तक्ता केला. साखळीच्या प्रत्येक दुव्याला वळायला मुख्यतः दोन कोन असतात, फाय आणि साय. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी या कोनांच्या जोड्या तपासल्या, टेबलावरच्या हिशेबयंत्रावर. १९६३ साली छापून आलेल्या त्या चौकोनात मोकळी बेटं थोडी, बाकी बंदी. तीही तिघांचीच टीम होती.

२००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून 'फोल्डइट' हा गेम आला. माकडांमधल्या एका विषाणूच्या विकराची रचना दहा वर्षांहून जास्त अडली होती. ती सोडवायला लागणारा नमुना त्याच्या खेळाडूंनी तीन आठवड्यांत दिला. त्या गेममध्येही रामचंद्रन आलेख उघडून बघता येतो.

आमच्याकडे मात्र भांडण लागलं. बारापैकी नऊ पातळ्या चुकीच्या, आणि भाड्याचे पैसे दोन महिन्यांपुरते. "खेळणाऱ्याला काय कळतंय?" आमचा चित्रकार म्हणाला. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. रात्री जागून त्या नऊ पातळ्या त्यानंच रंगवल्या होत्या. तरी मी त्या काढल्या. दोन दिवस तो बोलला नाही.

आता आलेख पडद्याच्या कोपऱ्यात असतो. बंदीच्या जागी कोन गेला की साखळी थरथरते आणि मागे येते. फक्त ग्लायसिनला मोकळीक जास्त, कारण त्याच्या बाजूला अडणारी फांदीच नाही, नुसता एक हायड्रोजन. खेळणारी मुलं अडली की आधी ग्लायसिन कुठे आहे ते शोधतात. त्याला वेगळा रंग द्यायचं चित्रकारानंच सुचवलं.