कागदी खोक्याचा दावा

आमच्या लहानपणीं कोंकणांतून आंब्याची पेटी आली म्हणजे ती उघडणें हा घरांतला एक लहानसा समारंभ असे. वडील माणसें कोयत्याचें टोंक फळीच्या सांधींत घालीत, फळी करकरत वर येई, वांकडे झालेले खिळे ठोकून सरळ होत व डब्यांत जमा होत, आणि मग कोठें गवतांत दडलेला हापूस हातीं लागे. पेटी रिकामी झाली तरी तिचें आयुष्य संपत नसे. तिची एखादी फळी माळ्यावर जाई, एखादी कोंबड्यांच्या खुराड्याला लागे, आणि उरलेलें सारें बंबांत जळे. आज तोच आंबा पुष्कळदां पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतो. तें सुरीनें फाडावें आणि रद्दीवाल्याच्या हवालीं करावें, एवढाच त्याचा आपला संबंध. तथापि लाकडाच्या पेटीची जागा ह्या कागदानें सुखासुखी घेतलेली नाहीं. त्यासाठीं त्याला आगगाडीच्या कंपन्यांशीं भांडावें लागलें, आणि तें भांडण कागद मजबूत कीं लाकूड मजबूत एवढ्यापुरतें नव्हतें. वाटेंत माल फुटला तर नुकसान कोणीं सोसावयाचें, हा त्यांतला खरा प्रश्न होता.

खोकें फाडतांना त्याची कड जरा निरखून पाहावी. दोन सपाट कागदांच्या मध्यें तिसरा कागद लाटालाटांनीं बसविलेला दिसेल. ज्यानें छपरावरचा पन्हळी पत्रा पाहिला आहे त्याला ही आकृति अनोळखी वाटणार नाहीं. पन्हळी पत्र्याचें पेटंट लंडनच्या गोदीकडील एंजिनियर हेन्री पामर यानें १८२९ सालीं घेतलें. कागदाला पन्हळी पाडण्याचें पेटंट त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १८५६ सालीं, हीली व ॲलन या दोघां इंग्रजांनीं मिळविलें. परंतु पेटी करावी असें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. त्या काळीं इंग्रज गृहस्थ डोक्यावर नळकांड्यासारखी उंच टोपी घालीत. तिच्या आंतल्या कडेला घाम टिपण्यासाठीं आणि थोडी हवा खेळण्यासाठीं हा सुरकुतलेला कागद लावावयाचा, एवढाच त्यांचा हेतु. पुढें जगाचा व्यापार ज्यानें अंगावर घेतला त्या पुठ्ठ्याचा जन्म असा साहेबाच्या कपाळाशीं झाला.

टोपींतून तो बाहेर पडला तो रॉकेलच्या दिव्यामुळें. १८५९ सालीं पेन्सिल्व्हानियांतील टायटसव्हिल येथें खनिज तेलाची विहीर लागली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेंत घरोघर रॉकेलचे दिवे आले. दिव्याबरोबर त्याची कांच आली, आणि कांचेबरोबर ती फुटण्याची भीति. भुसा, गवत, चिंध्या असल्या वस्तूंत गुंडाळून कांचा पाठवीत; त्यांनीं पेटी जड होई, घाण होई, आणि फुटावयाच्या त्या कांचा फुटतच. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्स यानें १८७१ च्या डिसेंबरांत बाटल्या व कांचसामान गुंडाळण्याच्या पन्हळी कागदाचें पेटंट घेतलें. ह्या कागदांत एक खोड होती. त्याला दाबलें किंवा ओढलें कीं त्याच्या लाटा मोडून तो सपाट होई. ऑलिव्हर लाँग यानें १८७४ सालीं त्याला सपाट कागदाचें अस्तर चिकटविलें, आणि लाटा जागच्या जागीं धरल्या गेल्या.

युक्ति दिसावयास क्षुल्लक आहे, पण सारें सामर्थ्य तिच्यांतच आहे. एक कोरा कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवून त्यावर सुपारी ठेवा. कागद लगेच लवेल. तोच कागद पंख्यासारखा घड्या घालून ठेवा, म्हणजे तो तिसरा पेलाही तोलील. कागद तितकाच, वाढली ती केवळ उंची. वर व खालीं अस्तर लावलें म्हणजे त्या घड्या पसरावयास जागा राहत नाहीं, आणि भार आला असतां एक अस्तर दाबलें जातें तर दुसरें ताणलें जातें. दोघांमध्यें जितकें अंतर अधिक तितकें वांकविणें कठीण. ह्या अंतरांत बहुतेक हवाच असते, आणि हवेला भाडें पडत नाहीं. बांबू पोकळ असून डोलीचा भार पेलतो, त्याच जातीचें हें कौशल्य आहे.

तरीही हा नुसता गुंडाळावयाचा पुठ्ठाच होता. त्याचें खोकें व्हावयास आणखी एक अपघात घडावा लागला. रॉबर्ट गेअर हा एडिंबरोस १८३९ सालीं जन्मलेला स्कॉच मुलगा चवदाव्या वर्षीं अमेरिकेंत आला, तेथल्या यादवी युद्धांत लढला, आणि परत येऊन त्यानें कागदी पिशव्यांचा धंदा मांडला. १८७९ सालीं त्याच्या कारखान्यांत पिशव्या छापीत असतां, घडीची रेघ उमटविण्यासाठीं बसविलेली धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि तिनें पिशव्या कापून टाकल्या. दुसरा मालक असता तर कामगाराचा पगार कापून मोकळा झाला असता. गेअरच्या मनांत असें आलें, कीं एक पट्टी उंच व एक पट्टी ठेंगणी बसविली तर एकाच दाबांत कापणें व घडी पाडणें हीं दोन्ही कामें साधतील. त्यानें प्रथम केलीं तीं साध्या जाड कागदाचीं घडीचीं डबडीं. त्यांतूनच पुढें बिस्किटें व न्याहारीचे पदार्थ घरोघर गेले. पन्हळी पुठ्ठा करणाऱ्या ब्रुकलिनच्या थॉम्सन व नॉरिस कंपनीनें १८८३ सालीं इंग्लंडांत आणि १८८६ सालीं जर्मनींतील किर्शबर्ग येथें कारखाने काढले होते. १८९५ च्या सुमारास अमेरिकेंत पन्हळी पुठ्ठ्यालाही कापून व घड्या पाडून खोकीं बनूं लागलीं. खोकें आडवें, चपटें, घडी केलेलें पाठवावयाचें आणि माल भरणारानें तें उभें करावयाचें, ही सोय लाकडी पेटीला कधींच मिळाली नव्हती. सुतार, खिळे, हातोडी आणि रिकाम्या पेट्यांनीं अडलेली अर्धी वखार, ही सर्व एका झटक्यानें वांचली.

मग व्यापाऱ्यांनीं तीं एकदम कां घेतलीं नाहींत? येथें आगगाडी आडवी आली. अमेरिकेंत माल कोणत्या वर्गांत घालावा, त्याला काय दर पडावा आणि तो कशांत बांधलेला असावा, हें कंपन्यांच्या वर्गवारीच्या पुस्तकावरून ठरे; आणि त्या पुस्तकांत बांधणीचें माप म्हणजे लाकडी पेटी. कागदाच्या खोक्यांतला माल एक तर घ्यावयाचा नाहीं, किंवा घेतला तर जास्त दरानें. १९०३ च्या सुमारास न्याहारीच्या धान्यपदार्थांना सवलत मिळाली आणि कागदाचें पाऊल आंत पडलें. तरी पश्चिमेकडील कंपन्या आपला दंडाचा दर सोडीनात. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, हें सांगितलें पाहिजे. माल फुटला तर भरपाई कंपनीनें द्यावयाची. मग ज्या बांधणीची खात्री नाहीं तिच्यासाठीं जास्त पैसे कां घेऊं नयेत? परंतु ह्याच पश्चिम किनाऱ्यावर मोठमोठीं अरण्यें होतीं, लाकडाच्या गिरण्या होत्या, पेट्या करणारे बलाढ्य कारखानदार होते, आणि लाकडाची वाहतूक हें तेथल्या आगगाडीचें मोठें उत्पन्न होतें. लाकडी पेटीची बाजू घेतांना कंपन्यांना केवळ फुटक्या मालाची चिंता होती असें मानणें भाबडेपणाचें होईल.

लॉस एंजेलिस येथें कागदी खोकीं करणाऱ्या प्रिडॅम कंपनीनें हें गाऱ्हाणें आंतरराज्य व्यापार मंडळापुढें नेलें. आगगाडीच्या दरांवर देखरेख ठेवण्यासाठीं हें मंडळ सरकारनें १८८७ सालीं नेमलें होतें. मंडळानें १९१४ सालीं निकाल दिला, कीं लाकडाला एक दर आणि कागदाला दुसरा, हा भेद अन्यायाचा आहे. त्या दिवशीं लाकडी पेटीच्या उतरत्या काळाला आरंभ झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. जिंकलेल्या पक्षालाही मात्र किंमत मोजावी लागली. कंपन्यांनीं पुढें जे नियम केले त्यांत खोक्याचा आकार, आंतल्या मालाचें वजन आणि पुठ्ठ्याचें बळ यांचीं मापें घालून दिलीं. आणि खोकें त्या मापांत बसतें असा दाखला करणारानें आपल्या नांवानिशीं खोक्यावरच छापावा असें ठरलें. अमेरिकेंतून आलेल्या खोक्याच्या तळाशीं वर्तुळांत छापलेलीं बारीक अक्षरें दिसतात, तीं ह्या दाव्याची आठवण आहेत. खोकें फाटलें तर जाब कोणाला विचारावा, हें त्यांवरून कळे.

पुठ्ठ्याचें बळ मोजावयास जें यंत्र घेतलें तें जॉन मलन यानें १८८७ सालीं काढलेलें. रबराचा पडदा कागदावर फुगवून कागद किती दाबाला फुटतो तें त्यांत पाहतात. आतां कोणीही सांगेल, कीं वखारींत एकावर एक रचलेलें खोकें आंतून फुटत नाहीं. तें वरच्या ओझ्यानें चेपतें. म्हणजे रोग एक आणि नाडी पाहिली दुसऱ्याच हाताची! १९६३ सालीं ॲपलटन येथील कागद-रसायन संस्थेंतल्या मॅकी यानें पुठ्ठ्याच्या उभ्या कडेचें बळ, त्याची जाडी व खोक्याचा घेर यांवरून तें किती ओझें सोसेल याचें सूत्र मांडलें. तरी कडेच्या बळाची कसोटी अमेरिकेच्या नियमांत मलनच्या कसोटीला पर्याय म्हणून यावयास १९९१ साल उजाडलें. एकदां छापलेला नियम हलविणें लाकूड हलविण्याहून जड असतें.

इकडे पुठ्ठ्याचा मालमसालाही सुधारत होता. आरंभींचा पन्हळी कागद बहुधा गव्हाच्या काडाचा, पिवळसर, ठिसूळ असे. डान्झिग येथें कार्ल दाल यानें १८७९ सालीं लांकूड शिजविण्याची जी नवी रीत काढली तींत तंतु लांब व चिवट राहत. त्या तपकिरी कागदाला क्राफ्ट म्हणतात, आणि जर्मन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ बळ असाच आहे. ही रीत अमेरिकेच्या दक्षिण भागांतील राळयुक्त पाइन वृक्षाला विशेष मानवली. चिकटविण्याची गोष्ट तर आपल्या गृहिणींना माझ्यापेक्षां लवकर कळेल. पूर्वीं त्यासाठीं सोडियम सिलिकेट वापरीत. १९३० नंतरच्या दशकांत जॉर्डन बावर यानें पिठूळ सत्त्वाची खळ आणली, पण ती आधीं पूर्ण शिजवून नव्हे. थोडेंसें सत्त्व शिजवून त्याच्या पातळ पेजेंत कच्चें सत्त्व तरंगत ठेवावयाचें. तें लाटांच्या शेंड्यांवर लावावयाचें, आणि तापलेल्या रुळाचा चटका बसतांच तें जागच्या जागीं शिजून घट्ट व्हावयाचें. गुठळी न होतां पिठलें दाटून यावें तसें तें दाटतें. ह्या एका युक्तीनें यंत्राचा वेग पुष्कळ वाढला, आणि तीच पद्धति आजही जगभर चालते.

कागदाचा जुना शत्रु पाणी. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांची सामुग्री समुद्रकिनाऱ्यांवर उघड्या पावसांत पडे, तेव्हां चोवीस तास पाण्यांत बुडवूनही टिकावीं अशीं खोकीं करण्यांत आलीं. विजयाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर घेऊन त्यांना व्ही-खोकीं म्हणत. साध्या खोक्याला हें कवच नसतें. हवेंतील दमटपणा पन्नास टक्क्यांवरून नव्वदांवर गेला कीं त्याची भार सोसण्याची शक्ति जवळजवळ निम्मी होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हें प्रमाण रोजचेंच. म्हणून भिवंडीच्या वखारींत उन्हाळ्यांत सहा थर उभे राहणारें खोकें श्रावणांत कलतें, यांत नवल नाहीं.

नुकसान कोणाचें, हा प्रश्न आपल्या देशांतही निराळ्या रूपानें उभा राहिला. हिमाचल प्रदेशांत सफरचंदें लाकडी पेट्यांतून जात आणि त्या पेट्यांसाठीं जंगल तुटे, म्हणून तेथें पुठ्ठ्याचा पुरस्कार झाला. पण जें खोकें रूढ झालें त्याचें झांकण बुडावर सरकतें. तें जितकें वर उचलावें तितकीं फळें अधिक मावतात. भाव पेटीचा ठरलेला असल्यामुळें वरचे थर बागवानाच्या पदरचे जात. लाकडाच्या फळीला असें ताणतां आलें नसतें. बागवानांनीं वर्षानुवर्षें तक्रार केल्यावर २०२४ च्या हंगामापासून तेथील सरकारनें, न ताणणारें, सुमारें वीस किलो फळाचें एकसंध खोकें सक्तीचें केलें. शंभर वर्षांपूर्वीं खोक्याचीं मापें आगगाडीच्या कंपन्यांनीं आपल्या बचावासाठीं ठरविलीं. येथें तीं पिकविणाराच्या बचावासाठीं ठरविलीं गेलीं. माझ्या मतें ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, जरी तिला प्रिडॅमच्या दाव्याइतकी कीर्ति अद्याप मिळालेली नाहीं.

आपण रद्दीवाल्याला दिलेलें खोकें पुढें कोठें जातें? पुष्कळसें गिरणींत लगदा होऊन पुन्हां तपकिरी कागद बनतें. आपल्या देशांतील ह्या जातीचा बराच कागद जुन्याच कागदापासून निघतो. पण जें धड असतें तें लगद्यापर्यंत जात नाहीं. मुंबईस धारावींत जुन्या खोक्यांचा धंदा चालतो. तेथें माणसें मांडी घालून बसलेलीं असतात; तीं खोक्याच्या टाचण्या काढतात, सांधा उकलतात, फाटकी कड छाटतात, आणि खोकें उलटें घडी करून पुन्हां टाचतात. पहिल्या मालाचें चित्र, करणाराचें नांव, बळाचा दाखला, सारें आंतल्या बाजूला जातें. बाहेर कोरी तपकिरी बाजू येते, आणि संध्याकाळपर्यंत त्या खोक्यांची चवड नव्या गिऱ्हाइकासाठीं हातगाडीवर चढलेली असते.