प्रवाळावरील ठिपके : संशयित आणि अपराधी

उथळ, प्रकाशित समुद्रातील प्रवाळाच्या पॉलिपाचा सूक्ष्म छेद पाहिला असता त्यात पिवळसर-तपकिरी गोल कण दाटलेले आढळतात. (दागिन्यांतील भूमध्य समुद्राच्या तांबड्या पोवळ्यात मात्र ते नसतात.) हे कण प्राण्याचाच अंश, की बाहेरून शिरलेली कीड? हा प्रश्न प्रथम प्रवाळाविषयी नव्हे, तर रेडिओलॅरिया या एकपेशीय समुद्रजीवांविषयी उपस्थित झाला. त्यांच्या पीत पेशींत हेकेल यांना १८७० साली पिष्ट आढळले. यजमान जीव मेल्यावरही या पेशी जगतात व वाढतात, असे चिएन्कोव्स्की यांनी १८७१ साली दाखविले. त्या प्राण्याचा अंश नव्हेत, हे येथे ठरले. परोपजीवित्वाची शंका तेवढी उरली.

पुढील वाद नामकरणात उमटला. कार्ल ब्रांट यांनी १८८१ साली 'झूझँथेला' हे नाव योजिले. ग्रीक धातूंनुसार त्यात 'प्राणी' आणि 'पिवळा' एवढेच आहे. पॅट्रिक गेडीस यांनी १८८२ साली 'फिलोझून', म्हणजे 'प्राणिस्नेही', हे नाव सुचविले. पहिले नाव केवळ वर्णन करते, दुसरे न्यायनिवाडाच देऊन टाकते. रूढ झाले ते पहिले, आणि तत्कालीन पुरावा पाहता ते योग्यच झाले. गेडीस यांचा शब्द २०२२ साली एका प्रजातिगटाचे नाव म्हणून पुनरुज्जीवित झाला, हा शब्दांच्या दैवाचा भाग!

निवाड्यास पुरावा मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेचे नेते यंग यांना असे दिसले की, अंधारात शैवाल गमावलेली प्रवाळेही मांसाहार मिळत असेतो जगतात. त्यावरून शैवाल प्रवाळास अन्न पुरवीत नाही, असे त्यांनी मानले. १९५८ साली मस्कटीन व हँड यांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने शैवालातील द्रव्य यजमानाच्या ऊतकांत उतरते, हे सिद्ध केले. परंतु त्यांचा यजमान प्रवाळ नसून त्याचे आप्त असलेले समुद्रपुष्प होते.

निरुपद्रवी कण ओळखला गेला, तरी खरी कीड ओळखणे सोपे झाले नाही. काचेच्या टाक्यांत प्रवाळ पाळणाऱ्यांना अ‍ॅक्रोपोरा जातीच्या प्रवाळावर फिकट वाटोळे डाग आणि बुडाशी उघड्या पडलेल्या सांगाड्यावर अंड्यांचे पुंजके दिसत. पण खाणारा दिसत नसे. तो एक चपटा कृमी होता. पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर तो सुटून येई. प्रवाळाबरोबर गिळलेल्या त्याच तपकिरी पेशी तो आपल्या देहात वागवितो, आणि त्यामुळे यजमानाच्या रंगात लपून जातो. ज्यांच्यावर इतका काळ संशय होता, त्यांचेच पांघरूण अपराध्याने घेतले होते! त्याचे 'अमाकुसाप्लाना अ‍ॅक्रोपोरी' हे शास्त्रीय वर्णन २०११ साली टाक्यांतील नमुन्यांवरूनच झाले. मुक्त समुद्रात, ग्रेट बॅरियर रीफवर, तो सापडल्याचे वृत्त २०१२ साली प्रसिद्ध झाले.